चिडून मारलेली चालते

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी एक इंग्रजी प्रेमकादंबरी मराठीत आणत होते. नायिका बेचाळीस वर्षांची, घटस्फोटित, गुरांची डॉक्टर. नायक सुतारकाम करणारा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. दोघंही शहाणी आणि आपापल्या पायांवर उभी. कादंबरीच्या मध्यावर ती त्याला सांगते की त्यानं आपल्याला मांडीवर आडवं घेऊन फटके द्यावेत, असं तिला फार वर्षांपासून वाटतंय. तो गांगरतो. दोन प्रकरणं विचार करतो. मग दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून काय चालेल, काय नाही, थांबायचं कधी, हे सगळं ठरवतात. पुढचा प्रसंग चार पानांचा आहे आणि चांगला लिहिलेला आहे.

संपादकांचा फोन आला. "अनुवाद सुरेख झालाय, मॅडम. फक्त तो प्रसंग मराठीत चालायचा नाही. असं करू या, दोघांचं भांडण होतं, तो चिडतो, एक थोबाडीत देतो, मग त्याला पश्चात्ताप होतो आणि तो तिला जवळ घेतो. वाचकाला हे पटेल."

मी विचारलं, तिनं मागितलेला फटका चालत नाही आणि न मागितलेली थोबाडीत चालते?

"थोबाडीत काय मॅडम, संसारात होतंच की."

तो अनुवाद अजून माझ्या कपाटात आहे. मला त्या संपादकांशी भांडायचं नाही. ते भले गृहस्थ आहेत, मानधनाचा अर्धा हप्ता त्यांनी वेळेवर दिला. भांडायचं आहे ते त्या 'होतंच की'शी.

मी बोरसीत राहते. भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा विदर्भातून जी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांतल्याच एका घरातली मी. दारात हिंदी, बाजारात छत्तीसगढी, घरात मराठी. माझ्या ओळखीत तीन बायका अशा आहेत की या जातीच्या कादंबऱ्या त्या वर्षानुवर्षं वाचत आल्या आहेत, इंग्रजीतून, फोनवर, दुपारच्या वेळी. एक निवृत्त शिक्षिका, एक औषधांचं दुकान चालवणारी, एक लेखापाल होती ती. तौलनिक साहित्यात एम. ए. करताना वाचकप्रतिसादावर मी पुष्कळ वाचलं, पण आपल्या आवडीच्या साहित्यप्रकारावर इतकं कडक बोलणारे वाचक मला वर्गात भेटले नाहीत. या बायकांना काय आवडतं यापेक्षा काय खटकतं ते ऐकण्यासारखं आहे.

पहिली चीड रागाची. नायक संतापलेला असताना त्यानं हात उचलला की पुस्तक बंद. शिक्षिकाबाईंचा हा नियम अपवाद मानत नाही. "संतापानं मारणारे घरोघरी फुकट मिळतात, त्यासाठी पैसे कशाला मोजू?" त्यांना हवा असतो तो ज्याचा हात स्वतःच्या ताब्यात आहे असा पुरुष. माझ्या संपादकांनी सुचवलेला बदल नेमका ज्या वाक्यावर या बाईंनी पुस्तक मिटलं असतं, ते वाक्य घालायला सांगत होता.

दुसरी चीड कारणांची. लेखिकेला चाळिसाव्या पानावर प्रसंग हवा असतो, म्हणून चांगली शिकलीसवरलेली बाई एकोणचाळिसाव्या पानावर अचानक बावळट होते. गाडीत पेट्रोल भरायला विसरते, फोन घरी ठेवून जाते, जेवायला उशिरा येते. औषधवालीचं म्हणणं, बाईला हवं असेल तर तिनं तसं सांगावं, गुन्हा कशाला शोधायचा? आता एक वेगळा कागद बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवतात आणि विचारतात, यांपैकी कशासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे? न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणं, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणं, नवऱ्याला संशय येणं, सासरच्यांचा मान न ठेवणं. 2019-21च्या फेरीत 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. वाईट लिहिलेल्या कादंबरीतले गुन्हे आणि सरकारी प्रश्नावलीतली कारणं शेजारी ठेवून पाहा. औषधवालीला जे खटकतं ते साहित्यिक दोष म्हणून खटकतं, पण ती बोट ठेवते ते भलत्याच खोल जागी.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे अनुवादक म्हणून माझी खरी पंचाईत झाली. मराठी शृंगारात 'नको' या शब्दाची आपण पार माती केली आहे. 'इश्श', 'नको ना', 'सोडा ना कुणी बघेल', हे सगळं गेली शंभर वर्षं 'हो' म्हणूनच छापलं गेलं. नायिकेनं नको म्हणायचं आणि नायकानं ते ऐकायचं नाही, यालाच प्रणय म्हणायचं, असा आपला शिरस्ता. या कादंबऱ्यांच्या वाचकाला हे अजिबात खपत नाही. तिथे थांबायचा शब्द आधी ठरलेला असतो आणि तो उच्चारला की थांबायचं म्हणजे थांबायचं. मूळ पुस्तकात तो शब्द एका फळाचं नाव होता. मराठीत मी 'तुरटी' ठेवला. प्रेमात कुणी चुकूनही उच्चारणार नाही असा शब्द हवा होता. संपादक हसले. मी मात्र त्यावर आठवडाभर डोकं घातलं होतं.

मारण्याचे शब्द तरी कमी आहेत का आपल्याकडे? धपाटा, रपाटा, चापट, चपराक, मुस्काटात, कानाखाली, गुद्दा, रट्टा, चोप, झोडपणं, बदडणं, बुकलणं, सोलून काढणं. धपाटे तर आपण थापून तव्यावर भाजतो आणि दह्याशी खातो. पण यांतला प्रत्येक शब्द आईचा, मास्तरांचा, पोलिसाचा किंवा दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा. दोन मोठ्या माणसांनी ठरवून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून केलेल्या गोष्टीला त्यांत शब्द नाही. शेवटी 'फटका' घेतला, त्यातल्या त्यात तो कुणाच्या मालकीचा नाही म्हणून.

असा शब्द आपल्या परंपरेत कधीच नव्हता असं मात्र नाही. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय प्रहणनावर आहे. हाताची पाठ, किंचित आकसलेला हात, मूठ आणि सपाट तळहात असे चार प्रकार वात्स्यायन सांगतो. सपाट तळव्याला त्याच्याकडे 'समतल' असा स्वच्छ शब्द आहे. बाईनं उलट मारावं हेही तो गृहीत धरतो. दक्षिणेकडच्या काही जास्त उग्र प्रकारांचं नाव काढतो आणि लगेच बजावतो की हे क्लेशाचं, अनार्य, यापासून दूर राहा. पुढे दाखले देतो. त्यांतला एक आपल्याच घरचा: कुंतल सातकर्णी सातवाहनानं महाराणी मलयवतीला असाच मारून ठार केलं. ज्या राजकुलातल्या हालाच्या नावावर गाथासप्तशती आहे, तेच हे कुल. प्रणयातल्या मर्यादांचं पुस्तक लिहिताना वात्स्यायन मेलेल्या राणीचं नाव नोंदवून ठेवतो, आणि शेवटी सांगतो की जोडीदाराचं बळ आणि आपलं बळ ओळखून वागा. माझ्या शिक्षिकाबाई यापेक्षा वेगळं काय म्हणतात?

संस्कृत नाटककाव्यात मार खाणारा बहुधा पुरुष. मालविकाग्निमित्रात इरावती कमरपट्टा उगारते ती राजावर. गीतगोविंदात राधेकडे शिक्षा मागणारा कृष्ण आहे. मागणारा, हे लक्षात घ्या. मग आपण इंग्रजी शिकलो आणि शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू' मराठीत आणलं. वा. बा. केळकरांनी त्याचं नाव ठेवलं 'त्राटिका'. शाहूनगरवासी मंडळींनी ते गाजवलं. मूळ शीर्षकात निदान माणसाळवणारा कुणीतरी अध्याहृत आहे. मराठी शीर्षकात पडदा वर जाण्याआधीच बाई राक्षसीण ठरली, आता तिचं काही केलं तरी लोकहितच. गंमत अशी की मूळ नाटकात पेट्रुकिओ केटला मारत नाही. उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, हात मात्र ती उगारते. भर रंगमंचावर तिला मांडीवर घेऊन मारणं आलं ते 1948च्या 'किस मी, केट' या अमेरिकी संगीतिकेत. 1963च्या 'मॅक्लिंटॉक'मध्ये तर जॉन वेननं गावासमोर बायकोला कोळशाच्या फावड्यानं मारलं आणि प्रेक्षक हसले. लेखापालबाईंना मी हे दोन्ही सांगितलं. त्यांचा अभिप्राय: रागात, चारचौघांत, न विचारता. तीन चुका. नापास.

म्हणजे या तिघी एकमताच्या आहेत असंही नाही. लेखापालबाईंना अलीकडच्या कादंबऱ्यांतल्या लांबलचक ठरावांचा कंटाळा येतो. "गृहकर्जाचा अर्ज वाचतेय की काय असं वाटतं." त्यांना जुन्या वळणाचा, कमी बोलणारा, जरा दरडावणारा नायक आवडतो, आणि त्या हे लाजत नाहीत. औषधवाली अशा नायकाला 'बायकोशी बोलायला शिकला नाही' म्हणून निकालात काढते. मात्र नंतरचं पान हवं यावर तिघींचं एकमत आहे. प्रसंग संपल्यावर त्यानं पाणी आणून दिलं का, ती रडली की हसली, दुसऱ्या दिवशी चहाला दोघं काय बोलली. ते पान न लिहिता थेट लग्नाच्या मंडपात उडी मारणारी लेखिका यांच्या मनातून उतरते. आणि वीस फटके खाऊन लाकडी खुर्चीवर निवांत जेवायला बसणारी नायिका आली की तिघी एकसुरात हसतात.

मला स्वतःला या कादंबऱ्या आवडतात का? काही आवडतात. बऱ्याचशा वाईट लिहिलेल्या आहेत. ऐतिहासिक कादंबऱ्याही बऱ्याचशा वाईट लिहिलेल्या असतात.

एक आक्षेप मी झटकू शकत नाही. ज्या देशात ती 45 टक्क्यांची नोंद आहे, तिथे असलं वाचन म्हणजे मारालाच गोड करून देणं नाही का? आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. महिन्यातून दोनदा तरी रात्री तिथून आवाज येतो. आसपासची घरं टीव्ही मोठा करतात. एकदा मी जाऊन दार वाजवलं, तर तिनंच उघडलं आणि हिंदीत म्हणाली, काही नाही दीदी, पाय घसरला. हे ऐकलेलं असताना मी हा अनुवाद करायला बसले, आणि हात थबकला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण मग मी विचार केला की त्या घरात जे होतं ते कुठल्या पुस्तकात आहे. ते संपादकांनी सुचवलेल्या प्रसंगात आहे: चिडणं, थोबाडीत, पश्चात्ताप, जवळ घेणं. ती कथा आपण सिनेमात, मालिकांत, आणि आता फोनवर धारावाहिक चालणाऱ्या 'रागीट नवऱ्या'च्या मराठी गोष्टींत रोज सांगतो, आणि तिला कुणी अश्लील म्हणत नाही. 'सखाराम बाइंडर'मधला पट्टा रंगभूमीवर राहावा म्हणून कोर्टात जावं लागलं, आणि बरं झालं गेले, कारण तेंडुलकर त्या पट्ट्याला प्रेम म्हणत नव्हते. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वरचा अश्लीलतेचा शिक्का पुसायला 1962च्या दिवाळी अंकापासून 1969च्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. थोबाडीत मारून प्रेम पटवणाऱ्या नायकाला असं कुठेच जावं लागलेलं नाही.

गेल्या महिन्यात अनुवादाची प्रत मी शिक्षिकाबाईंना वाचायला दिली. छापली जाणार नाही, निदान कुणीतरी वाचावी. चार दिवसांनी त्यांनी ती परत केली. एकशे बाराव्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'तिनं अजून हो म्हटलेलं नाही. हा सुरू कसा झाला?'

मी मूळ पुस्तक काढलं. तिनं हो म्हटलं होतं. तीन शब्दांचं वाक्य होतं, पान उलटताना माझ्याकडून सुटलं होतं. माझ्या आणि संपादकांच्या मिळून चार वाचनांत ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.