बागेचा राखणदार व घरचें उष्टें

कलमांच्या खतांचा हिशेब ठेवणारे आम्ही बागायतदार, वानरांवर धांवणाऱ्या कुत्र्यापुढें काय वाढलें जातें तें पाहत नाहीं. कांदा, कच्चा असो वा कालवणांत शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. कांहीं दिवसांनीं हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळसर तांबडी होते, आणि ठपका बिचाऱ्या फुरशावर येतो! लसूणही तशीच. मनुकांनीं मूत्रपिंडें निकामी होतात. हापूसची कोय विषारी नव्हे. परंतु ती गिळल्यास आंतड्यांत अडकते व पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर राहत नाहीं. कांदा-लसूण पडण्यापूर्वींच कुत्र्याचें वरण निराळें काढणें जड नाहीं. मे महिन्यांत कोयी मात्र उकिरड्यावर न टाकतां खोल खड्ड्यांत पुराव्या, असा आमचा आग्रह आहे.