मायलेजच्या नावानं चांगभलं!

ऑफिसात सध्या एकच टूम: "जुनी गाडी पेट्रोल पिते रे, नवी घेऊन टाक!" अरे, दिवसभर एक्सेल उघडून बसता, मग हा हिशोब का नाही मांडत?

माझी सेकंडहँड हॅचबॅक लिटरला 14 किलोमीटर देते. नवी 20 देईल, समजा. वर्षाला 10,000 किलोमीटर धरले तर वाचलं साधारण 214 लिटर. शंभराच्या भावानं 21,400 रुपये. आणि 8 लाखांच्या कर्जाचा हप्ता? पाच वर्षांसाठी महिन्याला 16,000च्या वर! वर्षभराची बचत दीड महिन्यात गुल.

त्यापेक्षा फुकटचे उपाय करा. महिन्यातून एकदा टायर गार असताना हवा तपासा. लांब सिग्नलला इंजिन बंद करा. आणि घाट उतरताना न्यूट्रल टाकणाऱ्या महाभागांना तर कोपरापासून नमस्कार! फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

नवी गाडी हौस म्हणून घ्या की, कोण अडवतंय? फक्त तिला बचत म्हणू नका.