ज्याचे काम त्याला विचारा

(द्वितीय वर्ष, कला)

'कमवा व शिका' योजनेतून मी रोज दोन तास आपल्या ग्रंथालयात काम करते. आम्ही सहा जण आहोत. परत आलेली पुस्तके क्रमांकाप्रमाणे कपाटात लावायची, सुटलेली पाने चिकटवायची, धूळ झाडायची, हे आमचे काम. कामावर आलो त्या दिवशी आमच्या हाती नियमांचा एक कागद देण्यात आला. काय करू नये याची यादी त्यात मोठी होती. शेवटी सही करायला जागा होती. काही सुचवायला मात्र नव्हती.

परीक्षेपूर्वीच्या दिवसांत पुस्तकांचा ढीग वाढू लागला. परत आलेले प्रत्येक पुस्तक ताबडतोब जागेवर लावायचे, असा नियम. पण सकाळी माळ्यावर नेऊन लावलेले पुस्तक दुपारी दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा खाली आणावे लागे. जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. यात फुकट श्रम आहेत हे आम्हा सहाही जणांना दिसत होते; पण कोणी बोलले नाही. का? तर कोणी विचारले नव्हते!

एका शनिवारी ग्रंथपाल सर त्या ढिगापाशी येऊन उभे राहिले. आता बोलणी बसणार, असे आम्हाला वाटले. पण सर म्हणाले, "रोज हे तुम्ही करता. कसं केलं तर सोपं होईल, ते तुम्हीच सांगा." माझी मैत्रीण भीत भीत म्हणाली, "सर, जास्त मागणीची पुस्तकं वर न नेता खालच्या टेबलावर वर्गवार ठेवली तर?" सरांनी मान डोलावली. सोमवारपासून तसे सुरू झाले आणि दोन तासांचे काम दीड तासात होऊ लागले. कौतुकही झाले.

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला हॉथॉर्नचे प्रयोग शिकवले गेले. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तेथे टेलिफोनची उपकरणे तयार होत. १९२४ ते १९३२ या काळात तेथे पुष्कळ प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला, उत्पादन वाढले. पण उजेड न वाढवलेल्या गटाचेही वाढले! मग १९२७ साली पाच मुलींना निराळ्या खोलीत बसवून त्यांचे काम मोजले गेले. त्यांना मधल्या सुट्ट्या दिल्या, खाऊ दिला, लवकर घरी सोडले. उत्पादन वाढत गेले. पुढे या सवलती काढून घेतल्या, तरी ते पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही. एल्टन मेयो आदी अभ्यासकांनी निष्कर्ष काढला, की माणूस केवळ पैशासाठी राबत नाही. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले, त्याची विचारपूस केली, की तो मनापासून काम करतो.

परीक्षेपुरता धडा येथे संपतो. पण त्या प्रयोगांची आणखी थोडी हकीगत वाचली तेव्हा मी चपापले. त्या पाचांपैकी दोन मुलींना १९२८ साली खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. कारण काय, तर त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत. शिवाय त्या खोलीत मजुरी मोजण्याची पद्धतही बदलली होती. पाच जणींनी मिळून जास्त काम केले तर त्याचा मोबदला त्या पाच जणींच्याच पदरात पडे. म्हणजे नुसत्या गोड बोलण्याने हे झाले नव्हते!

१९३१-३२ मध्ये त्याच कारखान्यात चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण झाले. दिवसाला किती काम करायचे हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकले होते. कोणी त्याहून जास्त करू लागला, तर शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा मारी. त्यांना भीती होती, की आपण अधिक काम केले तर साहेब मजुरीचा दर उतरवतील, नाहीतर माणसे कमी करतील. ते दिवस मंदीचे होते. याला आपण आळस म्हणायचे की हिशेब?

घरी गेल्यावर मी हे सारे अण्णांना सांगितले. अण्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षे काम करतात. ते हसले. म्हणाले, "एवढं कळाया आठ वरसं लागली व्हय गं त्यास्नी? आमच्या कँटीनात येऊन बसलं असतं तर एका दिसात कळलं असतं." त्यांच्या कारखान्यात आता मस्टर जाऊन हजेरीचे यंत्र आले आहे. माझ्या आजोबांना सही येत नव्हती म्हणून ते अंगठा उठवत. अण्णांना सही येते, तरी त्यांचाही अंगठाच लागतो. अण्णा किती वाजता आले हे त्या यंत्राला कळते. पण कोणते मशीन कशाने अडते हे अण्णांना ठाऊक असते आणि ते नोंदवायला यंत्र नाही.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. कामगारांच्या मागण्यांचा अर्ज तयार झाला, त्यावर पाच हजारांहून अधिक सह्या पडल्या. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. दमलेल्या माणसाला विश्रांती हवी, हे हॉथॉर्नच्या प्रयोगांआधी चाळीस वर्षे आपल्या गिरणी कामगारांनी कागदावर मांडले होते. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती १८९१ च्या कायद्याने आली. ज्ञान कामगारांपाशी होतेच. त्यांच्या शब्दाला वजन नव्हते.

आता आमच्या ग्रंथालयाची राहिलेली गोष्ट सांगते. काम दीड तासात होते असे दिसल्यावर महिनाभरात कार्यालयातून सूचना आली, की यापुढे दीडच तास लावावेत. योजनेचे पैसे तासांवर मिळतात. म्हणजे आम्ही युक्ती सांगितली आणि आमचाच रोजचा अर्धा तास गेला! त्या पैशांतून माझ्या एसटीच्या पासाची सोय होत असे. पुढे काय झाले हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. आम्ही सहा जण बसून काही ठरवले नाही, कोणी कोणाला गुद्दाही मारला नाही. पण हात मंदावले. पंधरा दिवसांत काम पुन्हा दोन तासांचे झाले आणि तासही पूर्ववत मिळाले. सरांना ते कळले असावे. ते काही बोलले नाहीत.

यात आमची लबाडी नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ती लबाडी शिकवली कोणी? 'हल्लीची माणसे काम टाळतात' असे आपण सर्रास ऐकतो. मला वाटते, माणूस कामाला भीत नाही. आपल्याच कामाने आपला तोटा होईल याला भितो. म्हणून नुसती विचारपूस पुरेशी नाही. विचारावे, ऐकावे आणि सांगितलेल्याचा लाभ सांगणाऱ्यालाही मिळावा. या तिसऱ्या गोष्टीवाचून पहिल्या दोन म्हणजे गोड बोलून काम काढून घेणेच होय.

पण दोष एकट्या व्यवस्थापनाचा नाही, आमचाही आहे. कोणी विचारीपर्यंत आम्ही गप्प बसलो आणि पैसे कापले गेल्यावरही तोंडाने न बोलता हातांनी बोललो. १८८४ सालच्या त्या गिरणी कामगारांपैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी कोणी विचारण्याची वाट न पाहता त्यांनी अर्ज केला. आम्ही तर महाविद्यालयात शिकतो!

म्हणून आम्ही आता एक अर्ज लिहिला आहे. काम लवकर झाले तर उरलेल्या अर्ध्या तासात जुन्या पुस्तकांची सूची करण्याचे काम आम्हाला द्यावे, तास कापू नयेत, अशी विनंती त्यात आहे. ग्रंथालयाचाही फायदा, आमचाही. अर्जाखाली सहा सह्या आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत उत्तर आले असेल, अशी आशा आहे.