तारीख नसलेलं नेमणूकपत्र

निवड झाली म्हणून पत्र द्यायचं, टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचे, लाखो रुपये भरायला लावायचे, बाँडवर सही घ्यायची आणि प्रशिक्षण कधी सुरू होणार ते मात्र सांगायचं नाही. आपल्या विमान व्यवसायात रुळलेला हा प्रकार उघड लूट आहे. त्याला दुसरं नाव द्यायला मी तयार नाही.

मी उरणचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. पनवेल तालुक्यातली दहा गावठाणं उठवून आणि उलव्याची टेकडी कापून तो बांधला आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय. जानेवारी १९८४ च्या भूसंपादनविरोधी शेतकरी आंदोलनात या भागातल्या पाच जणांनी गोळ्या झेलून जीव दिला, तेव्हा कुठे आमच्या लोकांच्या पदरात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पडायची वाट मोकळी झाली. त्याच भूखंडांतला एखादा विकून आता इथली घरं मुलामुलींना वैमानिक करतायत. का करू नयेत? जमीन आमची गेली, तर कॉकपिटमधली खुर्चीही आमच्या पोरांना मिळाली पाहिजे. नुसत्या सामानाच्या ट्रॉल्या ढकलायला आम्ही गावं सोडली नाहीत.

माझ्या भावाने हेच केलं. भूखंड विकला, वर शैक्षणिक कर्ज काढलं, मुलाला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, मिळवून दिलं. एका प्रादेशिक कंपनीत पुतण्याची निवडही झाली, गावात पेढे वाटले गेले. तेव्हापासून तो घरी आहे. एचआरला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: पुढच्या बॅचमध्ये बघू. पगार नाही, भत्ता नाही, तारीख नाही. दुसरीकडे अर्ज करायचा तर भरलेले पैसे अडकतात. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पोरगं अजून तिच्याच दाराशी उभं आहे.

थांबायला काय जातं, असं विचारणाऱ्यांना या थांबण्याचा खर्च माहीत नाही. क्लास वन मेडिकल दर वर्षी करून घ्यावं लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता, दर वर्षी नव्याने सिद्ध करावं लागतं; त्यासाठी फ्लाइंग क्लबचं दोन इंजिनांचं विमान तासाच्या भाड्याने घ्यायचं, परीक्षक गाठायचा आणि खिशातून पैसे मोजायचे. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत असते, ती संपली की बँकेचा हप्ता सुरू. बँक पुढच्या बॅचची वाट बघत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हाताची सवय मोडते. जेमतेम दोनशे तासांच्या उड्डाणावर परवाना मिळवलेला मुलगा वर्षभर जमिनीवर बसला की त्याचा सराव सुटतो. मग एके दिवशी त्याला अचानक सिम्युलेटरमध्ये बसवतात आणि तो चाचपडला तर नापासाचा शेरा त्याच्या नावावर पडतो. उशीर कुणी केला, याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

कंपन्यांकडे कारणं तयार असतात. विमानं वेळेवर आली नाहीत, सिम्युलेटरचे तास मिळत नाहीत, ट्रेनिंग कॅप्टन कमी आहेत. खरी आहेत ही कारणं. २०२४ मध्ये बोइंगच्या कारखान्यांत संप झाला, विमानं रखडली आणि आकासा एअरचे वैमानिक मोठ्या संख्येने विमानांअभावी बसून असल्याच्या बातम्या २०२५ च्या सुरुवातीला देशभर छापून आल्या. पण विमानं रखडण्याचा धोका कंपनीचा आहे. नफा झाला तर तो भागधारकांचा आणि तोटा झाला तर तो उरणच्या शेतकऱ्याच्या पोराचा, ही वाटणी कुणी ठरवली?

किती जणांना पत्रं द्यायची, हा हिशेब अवघड नाही. आधी वर्गातलं शिक्षण, मग सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष विमान उतरवण्याचा सराव, मग प्रवासी घेऊन जाणाऱ्या विमानात ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी लाइन ट्रेनिंग. त्या कॅप्टनच्या शेजारी एका वेळी एकच नवखा बसू शकतो. ताफ्यात एटीआर विमानं किती, ट्रेनिंग कॅप्टन किती, सिम्युलेटरचे तास किती, हे आकडे कंपनीच्या टेबलावर असतात. वर्षाला किती जण तयार होतील ते त्यांतून निघतं. त्याहून जास्त पत्रं वाटली जातात, ती जाणूनबुजून. मुलं राखीव ठेवायची, म्हणजे उद्या विमान आलं तर माणूस हाताशी आणि नाही आलं तर खर्च शून्य. प्रशिक्षण घाईने उरका असं कुणी म्हणत नाही. विमानात माणसं बसतात, तिथे एक तासही कमी करू नका. पत्रं मोजून वाटा, एवढंच मागणं आहे.

आता सरकारकडे बघा. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम केला: फर्स्ट ऑफिसरला नोकरी सोडायची तर सहा महिन्यांची नोटीस, कमांडरला एक वर्षाची. कारण काय, तर वैमानिक अचानक गेले तर विमानं रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात. ठीक. म्हणजे वैमानिकाने कंपनीला किती दिवस द्यायचे ते सरकार दिवस मोजून ठरवू शकतं. मग कंपनीने वैमानिकाला किती दिवसांत कामावर घ्यायचं, हे ठरवताना सरकारची लेखणी का अडते?

आणि प्रवाशांचे हाल खरोखर कुणी केले ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि महिनाभरात देशातली सर्वांत मोठी कंपनी, इंडिगो, कोसळली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. नियमांत बसतील एवढे वैमानिक हाताशी नव्हते. तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती. एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. म्हणजे देशात परवानाधारक तरुण आहेत, वैमानिकांची टंचाई आहे आणि या दोन टोकांना जोडणारा प्रशिक्षणाचा पूल बांधायला कुणी पैसा घालत नाही. तरीही पुढच्या १५-२० वर्षांत ३० हजार वैमानिक लागतील असं केंद्रातून सांगितलं जातं आणि तोच आकडा अकादम्यांच्या जाहिरातींत छापला जातो. तो वाचून आणखी एक घर भूखंड विकायला काढतं.

रायगडच्या किनाऱ्याला ही फसवणूक नवी नाही. उरणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत कितीतरी घरांतली माणसं बोटीवर आहेत. बोटीवर लावतो म्हणून पैसे उकळणाऱ्या एजंटांनी इथल्या दोन पिढ्या नागवल्या. पण तिथे निदान कायदा उभा राहिला. खलाशांच्या भरतीसाठी एजंटाला परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. भारताने २०१५ मध्ये सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करारही मान्य केला. फसवणूक अजून होते, पण खलाशी निदान तक्रार करू शकतो आणि तक्रार ऐकणारं खातं आहे. वैमानिकाच्या बाबतीत प्रशिक्षणाच्या नावाखाली भरतीच्या दारातच लाखो रुपये घेतले जातात आणि त्याला कुणी हरकतही घेत नाही.

प्रादेशिक कंपन्या गरीब आहेत, केंद्राच्या उडान योजनेच्या अनुदानावर जगतात, त्यांच्यावर बोजा टाकू नका, असंही ऐकवलं जातं. त्यांची अडचण मला दिसते. ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मुंबईला जाणारी विमानसेवा उडानची तीन वर्षं सरताच थांबली. पण कंपनी इतकी डळमळीत असेल, तर तिच्याकडे आगाऊ पैसे अडकवणं मुलांसाठी आणखी धोक्याचं. अशी कंपनी बुडाली तर घेणेकऱ्यांच्या रांगेत या पोरांचा नंबर कितवा लागेल?

नागरी उड्डाण खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचे आहेत, मराठी वाचतात. त्यांच्याकडे माझ्या मागण्या अशा. प्रत्येक नेमणूकपत्रावर प्रशिक्षणाची तारीख छापणं सक्तीचं करा. ती हुकली तर त्या दिवसापासून भत्ता सुरू, आणि मेडिकल व इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा खर्च कंपनीचा. तीन महिने उलटले तर भरलेली रक्कम व्याजासह परत आणि बाँड रद्द. प्रशिक्षणाचे पैसे कंपनीच्या चालू खात्यात न ठेवता वेगळ्या संरक्षित खात्यात ठेवायला लावा. आणि कुठल्या कंपनीने किती पत्रं दिली, किती जण प्रशिक्षणाला बसले आणि किती ताटकळतायत, हे डीजीसीएने दर तिमाहीला जाहीर करावं. नोटिशीचा नियम कायदेशीर अधिकार वापरूनच काढला होता ना, मोहोळसाहेब? तोच अधिकार वापरून हा नियम कधी काढताय, त्याची तारीख द्या.