आरशाच्या व्यासापलीकडे

पुण्याच्या ‘आयुका’त घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण घेऊन आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याच्या वेधासाठी निघाले, याचा आपणांस वाटणारा अभिमान सर्वथा यथोचित आहे. परंतु अंतराळातून सूर्य दिसू लागल्यावर भूमीवरील सौरदुर्बिणींवर द्रव्य वेचण्याचे प्रयोजन काय, असा जो प्रश्न सुशिक्षितांतही विचारला जातो, तो मला चुकीच्या समजुतीवर आधारलेला वाटतो. अतिनील किरण वातावरणात अडतात, तेव्हा त्यांच्यासाठी अंतराळात जाणे भागच आहे. दृश्य प्रकाशातील सूक्ष्म तपशील मात्र विशाल आरशावाचून उमटत नाही, आणि ‘सूट’चा आरसा सुमारे १४ सेंटीमीटरचा, तर हवाई बेटांतील इनोये सौरदुर्बिणीचा ४ मीटरचा आहे.

अडचण आहे ती हवेची. वाहत्या ओढ्याच्या तळाचे गोटे जसे क्षणोक्षणी आकार बदलताना भासतात, तसे उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेतून पाहिलेले सूर्यबिंब थरथरते, आणि दिवसा, उत्तम स्थळीदेखील, थोरल्या आरशाला सुमारे १० सेंटीमीटरच्या आरशाहून फारसे बारीक दिसत नाही. प्रकाशतरंगांत पडलेली विकृती मोजून, तिच्या उलट वाकणाऱ्या आरशाने ती तत्क्षणी नाहीशी करावी, हा उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचविला. रात्री या मोजणीला एखादा तारा पुरतो. सूर्यावर तसा बिंदू नसल्यामुळे तेथील उकळत्या पृष्ठभागावरील, सुमारे हजार किलोमीटर रुंदीच्या कणिकांची नक्षीच, तिच्या अनेक लहान प्रतिमा परस्परांशी ताडून, साक्षीला घ्यावी लागते, आणि तेही सेकंदाला शेकडो वेळा. ज्या नक्षीचे स्वरूप स्वतःच काही मिनिटांत पालटते तिच्याच आधाराने हवेचा दोष पकडावा, यापरते बुद्धीचे कौशल्य मला क्वचितच आढळले आहे. तरीही उरलेली अस्पष्टता मागाहून, झरझर टिपलेल्या अनेक छायाचित्रांवर गणित चालवून, दूर करतात.

उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावर, जेथे भोवतालच्या पाण्यामुळे हवा तुलनेने स्थिर असते, ५० सेंटीमीटरच्या ‘मास्ट’ दुर्बिणीला आपल्या शास्त्रज्ञांनी ही व्यवस्था जोडलेली आहे. लडाखात पँगाँग सरोवराकाठी मेराक येथे २ मीटरची राष्ट्रीय सौरदुर्बीण उभारण्याची योजना आहे. तिच्या खर्चाचा मसुदा ज्यांच्या दप्तरी तयार होईल, त्या अंमलदारांना माझी विनंती आहे की, आरसा आणि घुमट यांपुरतीच तरतूद करून ही सुधारणेची यंत्रणा किरकोळ सदरात ढकलू नये, आणि ती राबविणाऱ्या अभियंत्यांची व गणितज्ञांची कायम पदे दुर्बिणीबरोबरच मंजूर करावीत.