वजनकाट्यावरची हवा

2025 च्या पुरात मराठवाड्याच्या शेतांतून माती वाहून गेली. मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून पडलेल्या प्रवाशांची चर्चा गाडीला दरवाजे बसवण्याच्या घोषणेपाशी येऊन थांबली. शाळेतल्या तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय सरकारने मागे घेतला, वाद मात्र मागे गेला नाही. सरत्या वर्षाबद्दल इतकंच. बाकीचं या दिवाळी अंकात आहेच, आणि आमचा वाचक संपादकीय ओलांडून थेट कथेकडे धावणारा नाही, हे आम्ही धरून चालतो. यंदाच्या अंकाचा विषय ‘मोजमाप’. वर्षभर आम्हाला सलत राहिलेली गोष्ट त्यात बसते, थोडी ओढूनताणून का होईना: धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारत फिरणारे टँकर.

2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती तपासली जाते ती मुख्यतः पीएम 10 या आकड्यावर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या दर घनमीटर हवेतल्या वजनावर. परीक्षा वजनाची असेल, तर जो माल जड तोच आधी हटवायचा, हे कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला कळतं. जड असते ती धूळ. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2024 मध्ये या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. खर्चातला 64 टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेला होता. लाकूडफाटा, पालापाचोळा यांच्या जळणावर साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा, आणि कारखान्यांवर 0.61. ज्या औद्योगिक डोंबिवलीने 2014 साली हिरवा पाऊस पाहिला आणि 2020 साली गुलाबी रस्ता, तिने हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

वजन खोटं नसतं, अपुरं असतं. पायलीभर भुसा आणि चिमूटभर बचनाग यांची तुलना तराजू करू शकत नाही. फुफ्फुसाच्या आतल्या पातळ द्रवात क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन अशी राखण करणारी द्रव्यं असतात. श्वासातून आलेले काही कण तिथे रासायनिक क्रिया पेटवतात, ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात, राखणदार खर्ची पडतात आणि पेशींना सूज येते. ही कुवत म्हणजे कणांची ऑक्सिडीकरणक्षमता. ती परीक्षानळीत मोजता येते: हवा गाळलेल्या कागदावरचे कण द्रावणात उतरवायचे, त्यात डायथायोथ्रेटॉल नावाचं रसायन घालायचं आणि ते किती वेगाने संपतं ते पाहायचं. मीठ आणि साधी माती इथे फारशी चमकत नाहीत. चमकतात ते तांबं, मँगनीज यांसारखे धातू आणि अर्धवट जळण्यातून निघणारी क्विनोनसारखी सेंद्रिय द्रव्यं. युरोपातल्या हवेवरचा एक मोठा अभ्यास 2020 साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात वजन भरलं होतं प्रामुख्याने खनिज धुळीने आणि अमोनियमच्या क्षारांनी. ऑक्सिडीकरणक्षमता मात्र आली होती मुख्यतः घरगुती लाकूडजळणातून हवेत तयार झालेल्या सेंद्रिय कणांतून आणि वाहनांच्या ब्रेकसारख्या भागांच्या झिजेतून सुटणाऱ्या धातूंतून. उत्तर भारतावरचा 2024 चा अभ्यासही तिथेच पोचला. दिल्लीत आणि दिल्लीबाहेर कणांची घडण वेगळी, पण क्षमतेचं मूळ एकच: लाकूड, शेण, पेट्रोल, डिझेल यांचं अर्धवट जळणं.

हे आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या नकाशावर ठेवून पाहा. आधारवाडीच्या कचराभूमीने वर्षानुवर्षं आगी पाहिल्या. कल्याण-शीळ रस्त्यावर डिझेलचे ट्रक रांगत असतात आणि दर काही फुटांवर ब्रेक लागतो. शेकोटीत प्लास्टिक पडतं. यातलं काहीच टँकरच्या पाण्याने विझत नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसकडे किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तराजूवर तो निकाल किरकोळ भरेल, परीक्षानळीत भरणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, धूळ निरुपद्रवी थोडीच आहे? नाही. दमेकऱ्याला ती छळतेच, आणि रस्त्यावरच्या धुळीत टायर-ब्रेकचा चुराही मिसळलेला असतो. टँकर बंद करा असं आमचं म्हणणं नाही, टँकरवर भागवू नका असं आहे. दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच. वजन आणि मृत्यू यांचं नातं दशकानुदशकांच्या पाहणीतून पक्कं झालंय. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम 2.5 साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, वार्षिक सरासरीची दर घनमीटर 5 मायक्रोग्रॅमची मर्यादा त्यावरच उभी आहे (आपली अजून 40 आहे). ऑक्सिडीकरणक्षमतेच्या नव्या चाचण्यांचं तसं नाही: एक धातूंना जास्त दाद देते, दुसरी सेंद्रिय द्रव्यांनाही, आणि प्रयोगशाळांची एकच ठरलेली पद्धत नाही. मान्य. पण म्हणूनच मोजायला लागायचं. पद्धत मोजून मोजूनच ठरते. युरोपीय संघाने 2024 च्या हवेविषयीच्या नव्या निर्देशात या मोजणीला जागा दिली, ती काही सगळे वाद मिटल्यावर नव्हे.

दिवाळी आहे म्हणून फटाक्यांचंही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने घडवलेल्या हरित फटाक्यांची ओळख काय, तर कणांचं उत्सर्जन किमान 30 टक्क्यांनी कमी. पुन्हा वजनच. निळा रंग येतो तांब्याच्या क्षारांमुळे, आणि डायथायोथ्रेटॉलच्या चाचणीत तांब्याइतके चपळ धातू थोडेच.

ही क्षमता न मोजण्याला खर्चाचं कारण तर सांगूच नये. राष्ट्रीय हवा तपासणी कार्यक्रमाच्या हस्तचालित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा गाळणकागद लावला जातो, काढला जातो, तोलला जातो. डायथायोथ्रेटॉलच्या चाचणीला लागणारं वर्णपटमापक यंत्र बऱ्याच विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत असतं. तोलून झालेला कागद लगेच थंडीत ठेवून तिथवर पोचवायचा, एवढाच प्रवास बाकी आहे.