हक्कसोडावर सही करण्याआधी

मैत्रिणींनो, यंदाच्या भाऊबीजेला माहेरी जाल. ओवाळणं होईल, ताटात साडी पडेल, आणि जेवणं उरकली की भाऊ हळूच एक कागद पुढे करील. 'अक्का, तेवढी सही दे. अण्णा गेल्यापासून जमिनीचं काम अडलंय.' तुमच्यापैकी बऱ्याच जणी शहरात राहतात, पण वडिलांची जमीन असते गावाकडे. आमच्या केदारखेड्यासारख्या भोकरदन तालुक्यातल्या गावी असो की आणखी कुठे, सही नाकारली तर माहेर तुटतं, ही भीती सगळीकडे सारखीच!

त्या कागदाचं नाव बहुधा हक्कसोडपत्र असतं. सही करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र आपण काय सोडतो आहोत, हे कळल्याशिवाय पेन उचलू नका.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला भावाइतका वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मात्र मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून तो मुलींनाही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. मांडव आधी पडला म्हणून कितीतरी जणी कोरड्या राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ही लग्नाची अट गेली.

तरी एक वाद उरलाच होता. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मुलीचा हक्क जन्मानं येतो, त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही. 'आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली' एवढं म्हणून आता भागत नाही, त्याला भक्कम सरकारी कागदांचा पुरावा लागतो.

हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. मुसलमान व ख्रिस्ती भगिनींचे वारसा कायदे निराळे आहेत.

आता सातबाऱ्याकडे वळू. त्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, कारण ती महसुलाची नोंद आहे. पण नाव नसलं की तुम्हाला न विचारता जमीन विकणं सोपं जातं. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली का, ते तलाठ्याकडे पाहा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. भावांची नावं मुख्य रकान्यात आणि बहिणींची 'इतर हक्कां'त, असंही पुष्कळदा दिसतं. तेही नीट बघून घ्या. आणि आईला विसरू नका. वडिलांच्या वाट्यात ती तुमच्या बरोबरीची वारस आहे.

कागद समोर आलाच, तर एवढं करा:

१. शीर्षक वाचा. हक्कसोड, वाटणीपत्र, मुखत्यारपत्र आणि साधा वारस अर्ज, या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

२. कोणते गट नंबर, किती क्षेत्र, घर त्यात आहे का, ते पाहा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका.

३. जमीन-घराचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यानं हक्क सुटत नाही.

४. एकदा नोंदलं की एकटीला ते मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, तेही ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

५. चार दिवसांची मुदत मागून घ्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी मिळकतीची अट नाही. फोन नंबर १५१००.

सगळं सोडणं आणि सगळ्यासाठी भांडणं, यांच्या मधलीही वाट आहे. घरातला वाटा सोडा, एक एकर ठेवा. नाहीतर नाव लावून घ्या आणि जमीन भावालाच बटईनं कसू द्या. माहेरही राहतं, हक्कही राहतो.

'आपल्याला काय कमी आहे, कशाला हवी जमीन?' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना एक पाहणी सांगते. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात विवाहित स्त्रियांची केलेली ही पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांतल्या शंभरात ४९ जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हा आकडा होता शंभरात ७. जायला जागा आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असलं की फरक पडतो!

सासरचंही बघा. नवऱ्याच्या मर्जीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आली. विषय घरात काढून तर पाहा. दागिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा बजावलं की स्त्रीधन केवळ तिचंच, नवऱ्याची त्यावर मालकी नाही. अडचणीला त्यानं घेतलं तर परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

माहेरच्या कागदाची गोष्ट झाली. आता स्वतःच्या घरात डोकावा. तुमच्या लेकीलाही हाच हक्क आहे. तिच्या भावाला तो आत्तापासून, दोघं एका ताटात जेवतात तेव्हाच, सांगून ठेवा. मोठेपणी त्यांच्यात कागद आला, तरी तो उघडपणे वाचला जाईल.